‘आमची आशा होती’: उपासनावर्षाच्या सोबतीने शास्त्रातली आशा कशी वाचावी

येशूच्या पुनरुत्थानाच्या दिवशी त्याचे दोघे शिष्य यरुशलेमहून अम्माऊस गावाकडे चालले होते. एकाचं नाव क्लयपा. दुसऱ्याचं नाव ही गोष्ट लिहिणारा लूक सांगत नाही. वाटेत एक अनोळखी माणूस सोबत चालू लागला आणि त्याने विचारलं, तुम्ही कशाबद्दल बोलताय? दोघे थबकले. चेहरे उतरलेले. मग त्यांनी जी हकीकत सांगितली तिच्यात एक वाक्य येतं: इस्राएलाला सोडवणारा तो हाच, अशी आमची आशा होती (लूक २४:२१). ‘होती’ म्हणाले. ज्याच्यावर ती आशा होती तो येशू त्या क्षणी त्यांच्या शेजारून चालत होता.

हा उतारा दर वर्षी पुनरुत्थानकाळात कुठे ना कुठे वाचला जातो, आणि मी दर वर्षी त्या एका क्रियापदाशी अडखळते. कारण आपल्याला शास्त्रातली आशा ‘आहे’मध्ये शोधायची सवय असते. फुलांच्या चित्रावर छापलेलं वचन, मोबाइलवर सकाळी येणारं वचन, वाढदिवसाच्या कार्डातलं वचन. ती वचनं खोटी नाहीत. पण ती त्यांच्या जागेवरून उचललेली असतात, आणि खरंच अंधारून येतं तेव्हा उचललेलं वचन हातात टिकत नाही. घरात एक मृत्यू झाल्यावर मला हे कळलं. माझ्याकडे वचनांनी भरलेली एक अख्खी वही होती आणि तिच्यातलं एकही पान माझ्याशी बोलेना. नंतर लक्षात आलं की त्या वहीत मी फक्त गोड ओव्या उतरवल्या होत्या. त्यांच्या आधीचं आणि नंतरचं सगळं गाळलं होतं.

उपासनावर्षाचा, म्हणजे सण आणि ऋतूंनुसार आखलेल्या मंडळीच्या वर्षाचा, मोठा उपयोग मला इथे दिसतो. आपण गाळतो ते वर्ष आपल्यापुढे आणून ठेवतं, आणि कुठली ओवी कधी वाचायची हे आपल्या मूडवर सोडत नाही. पुढे जी पद्धत सांगते आहे ती वर्षभर चालवता येते. त्यासाठी पवित्र शास्त्र, एक साधी वही आणि दिवसातली पंधरा-वीस मिनिटं लागतात.

आधी वर्षाचा नकाशा काढा

उपासनावर्ष १ जानेवारीला सुरू होत नाही. ते आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी सुरू होतं, म्हणजे नाताळच्या आधीचे चार रविवार मोजले की जो पहिला येतो त्या दिवशी. ही तारीख २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या मध्ये पडते. २०२६ मध्ये ती २९ नोव्हेंबर आहे.

बाकी बरंचसं वर्ष पुनरुत्थानदिनावर (ईस्टरवर) टांगलेलं असतं. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा रविवार, असा त्याचा ढोबळ नियम. पुनरुत्थानदिन सगळ्या मंडळ्यांनी एकाच रविवारी पाळावा, हे इ. स. ३२५ च्या नायसियाच्या परिषदेत ठरलं. पौर्णिमेच्या त्या नियमामुळे तो २२ मार्च ते २५ एप्रिलच्या दरम्यान सरकत राहतो. २०२६ मध्ये ५ एप्रिल, २०२७ मध्ये २८ मार्च. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्या जुन्या ज्युलियन पंचांगाने मोजतात, म्हणून त्यांचा दिवस बहुधा वेगळा येतो. पुनरुत्थानदिन सापडला की मागे ४६ दिवस मोजा, राखेचा बुधवार, म्हणजे उपवासकाळाचा पहिला दिवस मिळेल. पुढे मोजताना पुनरुत्थानदिन पहिला धरा: चाळिसावा दिवस येशूच्या स्वर्गारोहणाचा, पन्नासावा पेंटेकॉस्टचा, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरल्याचा.

आता वाचनांची यादी. तिला बऱ्याच मंडळ्यांत लेक्शनरी म्हणतात. कॅथोलिक चर्चने रविवारच्या वाचनांचं तीन वर्षांचं चक्र १९६९ मध्ये आणलं. अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या वापरतात ती त्याच धर्तीची सामाईक यादी १९९२ मध्ये आली. शुभवर्तमानं, म्हणजे येशूची गोष्ट सांगणारी चार पुस्तकं, अशी वाचतात: अ वर्षी मत्तय, ब वर्षी मार्क, क वर्षी लूक. योहानाचं शुभवर्तमान तिन्ही वर्षांत वाटून टाकलेलं आहे, विशेषतः उपवासकाळ आणि पुनरुत्थानकाळात. कुठलं वर्ष चालू आहे हे विसरायला होतं, म्हणून एक सोपी खूण: सनाला तीनने भागा. बाकी एक उरली तर अ, दोन उरली तर ब, पूर्ण भाग गेला तर क. मात्र वर्ष आगमनकाळात बदलतं. २०२६ च्या डिसेंबरमध्ये २०२७ चं गणित लागू होतं, म्हणजे ब वर्ष, मार्क.

तुमच्या मंडळीत अशी यादी वापरत नसतील तरी काही अडत नाही. पाळकांकडे किंवा फादरांकडे मागा, नाहीतर स्वतः एक छापील प्रत मिळवा. रविवारच्या उपदेशाशी तुमचं वाचन जुळलं नाही म्हणून बिघडत नाही.

वहीच्या पहिल्या पानावर एवढंच लिहा: ऋतूंच्या तारखा आणि शुभवर्तमानाचं नाव. रंगीत तक्ते काढायच्या मागे लागू नका. मी एका वर्षी लागले आणि तक्ता पूर्ण झाला तेव्हा आगमनकाळाचे दोन आठवडे उलटून गेले होते.

आठवड्याची चाल

रविवारची वाचनं रविवारी पहिल्यांदा ऐकण्यापेक्षा आधीच्या सोमवारी वाचायला घ्या. रोज सगळं वाचायचं नाही. सोमवारी शुभवर्तमान, मंगळवारी जुन्या करारातलं वाचन, बुधवारी स्तोत्र, गुरुवारी पत्र. शुक्रवारी त्यांतलं जे मनात अडकलं असेल ते पुन्हा. शनिवार मोकळा ठेवा, कारण एखादा दिवस हमखास चुकतो.

प्रत्येक वाचनाला एक नियम लावा: उताऱ्याच्या आधीच्या दहा ओव्या आणि नंतरच्या दहा ओव्याही वाचायच्या. वाचनांच्या यादीत कधीकधी मधल्या कडू ओव्या वगळलेल्या असतात. त्या मुद्दाम वाचायच्या. मग वहीत तीन प्रश्नांची उत्तरं, एकेका ओळीत:

हे कोण, कोणाला, कुठल्या परिस्थितीत म्हणतंय?
या क्षणी त्यांच्या हातात काय नाही?
ते कशाची वाट पाहताहेत?

पहिला प्रश्न अभ्यासाचा आहे आणि तो टाळता येत नाही. दुसऱ्या-तिसऱ्यात आशा सापडते. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात (८:२४-२५) प्रेषित पौल म्हणतो की जे डोळ्यांना दिसतं त्याची आशा कोण धरतो? जे दिसत नाही त्याची आपण धीराने वाट पाहतो. म्हणजे हातात काय नाही हे लिहिल्याशिवाय आशा कशाची, हे कळायचंच नाही.

करून पाहू. यिर्मया २९:११ हे बहुधा सगळ्यात जास्त छापलं जाणारं वचन असेल: तुमच्याविषयी माझ्या मनात हिताच्या योजना आहेत, तुम्हाला भविष्य आणि आशा देण्याच्या. आता दहा ओव्या मागे जा. हे एक पत्र आहे. यरुशलेमहून यिर्मया संदेष्ट्याने बाबेलमध्ये (बॅबिलोनमध्ये) कैद करून नेलेल्या लोकांना पाठवलेलं. त्यात तो सांगतो की घरं बांधा, बागा लावा, लग्नं करा, मुलांची लग्नं लावा आणि ज्या शहरात तुम्हाला धरून नेलं आहे त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. दहाव्या ओवीत मुदत आहे: सत्तर वर्षं. पत्र ऐकणाऱ्या मोठ्या माणसांपैकी बहुतेकांना परतीचा दिवस दिसणार नव्हता. आणि अकरावी ओवी त्यांनाच उद्देशून आहे. हे कळल्यावर ते वचन मला नव्या नोकरीच्या शुभेच्छापत्रावर लिहावंसं वाटेना. पण दीर्घ आजारात एखाद्याच्या उशाशी बसून वाचावंसं मात्र वाटलं.

त्याच पुस्तकात तीन अध्याय पुढे आणखी एक गोष्ट आहे, आणि ती मला पत्रापेक्षाही प्रिय आहे. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमला वेढा घातलेला. यिर्मया स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात अटकेत. अशा वेळी तो चुलतभावाकडून अनाथोथमधलं शेत विकत घेतो, रुप्याचे सतरा शेकेल तोलून देतो, साक्षीदारांच्या सह्या घेतो आणि खरेदीखत मातीच्या मडक्यात ठेवायला सांगतो, म्हणजे ते पुष्कळ दिवस टिकेल. जी जमीन शत्रूच्या घशात जाणार तिचे रोख पैसे. आशेची व्याख्या विचारली तर मी हा व्यवहार दाखवते.

‘आशा’ हा शब्द शोधत बसू नका

शास्त्राच्या ॲपमध्ये ‘आशा’ टाइप करायचं आणि आलेल्या ओव्या वाचायच्या, हा मोह सगळ्यांना होतो. ही वाट तोकडी आहे. मूळ ग्रीकमध्ये आशेसाठी ‘एल्पिस’ हे नाम आहे. पौलाच्या पत्रांत ते वारंवार येतं. चारही शुभवर्तमानांत एकदाही येत नाही. क्रियापद येतं, तेही मोजून पाच वेळा, आणि त्यांतलं एक म्हणजे अम्माऊसच्या वाटेवरचं ते ‘होती’. शुभवर्तमानांत आशा शब्दात सापडत नाही. कोणीतरी गर्दीतून हात लांब करून वस्त्राच्या टोकाला शिवतं, कोणीतरी छप्पर उसकटून मित्राला खाली सोडतं, तिथे ती असते.

हिब्रूतला एक शब्द मात्र जरूर ओळखीचा करून घ्या: ‘तिक्वा’. आशा या अर्थी तो येतो, आणि यहोशवाच्या दुसऱ्या अध्यायात यरीहो शहरातली राहाब खिडकीला जी किरमिजी दोरी बांधते तिलाही हाच शब्द आहे. पडणाऱ्या शहराच्या तटावर बांधलेली दोरी. एवढं चित्र डोळ्यांसमोर राहिलं तरी पुरे.

आगमनकाळ: नाताळची तयारी करू नका

म्हणजे घरात करा, हवी तेवढी करा. वाचनात करू नका. आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी गव्हाणी शोधायला गेलेल्या माणसाला धक्का बसतो, कारण त्या दिवशी तिन्ही वर्षी प्रभूच्या दुसऱ्या येण्याचे उतारे आहेत: मत्तय २४, मार्क १३, लूक २१. सूर्यचंद्रात चिन्हं, राष्ट्रं गोंधळलेली, समुद्राची गर्जना. लूक तिथे म्हणतो की हे घडू लागेल तेव्हा डोकी वर करा (२१:२८). घाबरून खाली बघण्याच्या वेळी वर बघायला सांगणं, एवढ्यावर पहिला आठवडा काढता येतो.

दुसऱ्या-तिसऱ्या रविवारी बाप्तिस्मा करणारा योहान येतो. तिसऱ्या रविवारला आनंदाचा रविवार म्हणतात. जिथे आगमनाच्या मेणबत्त्या लावतात तिथे त्या दिवशी बहुतेक गुलाबी मेणबत्ती पेटते. आणि अ वर्षी याच आनंदाच्या रविवारी वाचायचं काय, तर मत्तय ११:२-११. योहान तुरुंगात आहे. ज्याने यार्देनेच्या काठी बोट दाखवून हाच तो म्हटलं होतं, तोच आता शिष्यांकडून विचारतो: जो येणार तो आपणच की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी? येशू त्याला रागावत नाही. आंधळे पाहतात, पांगळे चालतात, जे ऐकता आणि पाहता ते जाऊन सांगा, असा निरोप धाडतो. तुरुंगाचं दार उघडतो, असं मात्र लिहिलेलं नाही. या एका उताऱ्याला पूर्ण आठवडा द्या. वहीत स्वतःचा असाच एक प्रश्न लिहा, जो तुम्ही देवाला विचारायला कचरता. त्याचं उत्तर लिहू नका.

यशयाचे उतारे या काळात भरपूर आहेत: अंधारात चालणाऱ्यांना दिसलेला प्रकाश (९:२), दावीद राजाचा बाप इशाय याच्या बुंध्याला फुटलेला धुमारा (११:१). बुंधा म्हणजे आधी झाड तोडलेलं आहे, हे वाचताना सुटू देऊ नका.

नाताळ बारा दिवसांचा आहे

२५ डिसेंबर ते ५ जानेवारी. बहुतेकांचं वाचन २६ तारखेला थांबतं आणि नेमकी २८ डिसेंबरची तारीख हुकते. त्या दिवशी अनेक मंडळ्या हेरोद राजाने मारलेल्या बेथलेहेमच्या बाळांची आठवण करतात. मत्तय तिथे यिर्मयाची एक ओवी आणतो: राहेल आपल्या मुलांसाठी रडते आहे आणि सांत्वन नको म्हणते, कारण ती आता नाहीत (मत्तय २:१८).

मत्तय तिथेच थांबतो. तुम्ही थांबू नका. यिर्मया ३१ उघडा. पंधराव्या ओवीत राहेलचं रडणं आहे. सोळा-सतरात देव तिला म्हणतो की आसवं आवर, तुझ्या पुढच्या काळाला आशा आहे, तुझी मुलं आपल्या देशी परत येतील. इथेही ‘तिक्वा’ आहे. मत्तयाने पुढची ओवी का घेतली नाही, यावर विद्वान पुष्कळ बोलतात. मला वाटतं, रडणाऱ्या आईसमोर काही क्षण पुढची ओवी न वाचणं हेच योग्य असतं. जवळच्या कोणाचं मूल गेलं असेल तर तुम्हीही पंधरावीवर थांबा, आणि सोळावी स्वतःशी ठेवा. तिची वेळ ती आई ठरवेल.

६ जानेवारीला प्रकटीकरणाचा सण, तारा पाहून बाळाला भेटायला आलेल्या मागी लोकांची, म्हणजे पूर्वेकडच्या ज्ञानी माणसांची गोष्ट. २ फेब्रुवारीला, नाताळनंतर चाळिसाव्या दिवशी, मंदिरात बाळाला हातात घेणारा शिमोन. त्याचं छोटं गीत (लूक २:२९-३२) रात्री झोपताना म्हणण्याजोगं आहे. बाकी या दिवसांत सावकाश चाला. पुढचा काळ मोठा आहे.

उपवासकाळ: ‘कोण जाणे’

राखेच्या बुधवारी योएल २ वाचतात. लोक उपास करोत, रडोत, मन फाडोत, वस्त्रं नकोत. आणि मग चौदाव्या ओवीत संदेष्टा म्हणतो: कोण जाणे, देव वळेल, त्याला दया येईल. योनाच्या गोष्टीत (३:९) निनवेचा परराष्ट्रीय राजाही राखेत बसून अगदी हेच म्हणतो. आशेची ही भाषा मला फार प्रामाणिक वाटते. देवावर हक्क सांगितलेला नाही, सौदा केलेला नाही; दार ठोठावलं आहे एवढंच. ज्यांना ‘मला खात्री आहे’ म्हणता येत नाही त्यांनी चाळीस दिवस ‘कोण जाणे’ म्हणावं. तेही शास्त्रातलंच आहे.

४६ दिवस असून त्यांना चाळीस का म्हणतात, तर मधले सहा रविवार मोजत नाहीत. प्रत्येक रविवार हा लहानसा पुनरुत्थानदिन. उपवास करत असाल तर हे ध्यानात ठेवा.

या काळात रोज एक विलापस्तोत्र घ्या. स्तोत्र १३ पासून सुरुवात करा, ते जेमतेम सहा ओव्यांचं आहे आणि त्यात ‘कोठवर’ हा प्रश्न चारदा येतो. मग ४२ आणि ४३ एकत्र वाचा. तेच पालुपद तीनदा परत येतं, माणूस स्वतःच्याच जिवाला विचारतो की तू का खचतोस? एकदा विचारून भागलं नाही, म्हणून तीनदा. मग १३०, पहाटेची वाट पाहणाऱ्या पहारेकऱ्यांचं. पहारेकरी सूर्याला लवकर आणू शकत नाही. जागा राहू शकतो.

अ वर्षी तिसऱ्या ते पाचव्या रविवारी योहानाचे तीन लांब उतारे येतात: विहिरीवरची शोमरोनी बाई, जन्मांध माणूस, लाजर. लाजराच्या उताऱ्यात (योहान ११) चार दिवसांच्या उशिरावर नजर ठेवा. मार्था आणि मरीया, दोघी बहिणी वेगवेगळ्या येऊन तेच वाक्य म्हणतात: प्रभू, तू इथे असतास तर माझा भाऊ मरता ना. घरात त्या दोघींनी ते किती वेळा एकमेकींना म्हटलं असेल! आणि पुढच्या क्षणी लाजराला उठवणार आहे हे ठाऊक असूनही येशू रडतो. हे वाचताना पुढे पळू नका, ११:३५ वर थांबा.

पवित्र शनिवार, ज्याच्याकडे कुणी बघत नाही

पवित्र सप्ताहात उपासना भरपूर असतात आणि मंडळी तुम्हाला धरून नेते. त्याबद्दल मी कमी सांगते. उत्तम शुक्रवारी एक मात्र करा. वधस्तंभावर येशू ‘माझ्या देवा, माझ्या देवा’ म्हणतो ती स्तोत्र २२ ची पहिली ओवी आहे. ते स्तोत्र शेवटपर्यंत वाचा. चोविसाव्या ओवीत तोच माणूस म्हणतो की देवाने तोंड लपवलं नाही, हाक ऐकली.

शनिवारचं काय? शुक्रवारी सगळे येतात, रविवारी सगळे येतात. मधल्या दिवशी शुभवर्तमानांत जवळजवळ काहीच घडत नाही. लूक एवढंच सांगतो की आज्ञेप्रमाणे त्यांनी शब्बाथाच्या दिवशी विसावा घेतला (२३:५६). ज्यांच्या आयुष्यात शुक्रवार होऊन गेला आहे आणि रविवार अजून उगवलेला नाही, त्यांचा हा दिवस आहे, आणि अशांची संख्या मंडळीत नेहमीच मोठी असते.

या दिवशी विलापगीत ३ काढा. सामाईक यादीत त्यातल्या १-९ आणि १९-२४ या ओव्या दिलेल्या आहेत. तुम्ही पूर्ण अध्याय वाचा. यरुशलेम इ. स. पूर्व सहाव्या शतकात बाबेलच्या हातून पडलं, त्या राखेतल्या या पाच कविता. पहिल्या चार हिब्रू मुळाक्षरांच्या क्रमाने रचलेल्या आहेत, जणू अ पासून ज्ञ पर्यंत सगळं दुःख सांगून संपवायचं. तिसरी मधली आणि सर्वांत लांब, ६६ ओव्यांची. अठराव्या ओवीत कवी म्हणतो की परमेश्वराकडून असलेली माझी आशा संपली. एकविसाव्या ओवीत म्हणतो की हे मी मनात आणतो म्हणून मला आशा आहे. दोन्हीकडे हिब्रूत एकाच धातूचे शब्द आहेत. मध्ये तीन ओव्यांचं अंतर, आणि त्या तीन ओव्यांत परिस्थिती तसूभरही बदललेली नाही. मग बदललं काय? तो आठवण काढतो. परमेश्वराची दया रोज सकाळी नवी असते, हे प्रसिद्ध वाक्य त्या आठवणीतून येतं.

पण पुस्तक तिथे संपत नाही. आणखी दोन अध्याय विलाप आहे आणि शेवटच्या ओवीत (५:२२) पुन्हा शंका: तू आम्हाला अगदीच टाकलंस का? आशेची ओवी मधोमध ठेवून पुस्तक दोन्ही बाजूंनी रडतं. तुमचं वर्ष असंच गेलं तर तुम्ही कुठे चुकलात असं समजू नका.

हे वाचल्यावर शनिवारी वहीत काही लिहू नका.

पन्नास दिवस

उपवासकाळ चाळीस दिवसांचा, पुनरुत्थानकाळ पन्नास दिवसांचा. उपास निष्ठेने करणारे आपण आनंद मात्र एका दुपारच्या जेवणात उरकतो. तेव्हा उपवासकाळात जेवढा वेळ काढलात तेवढाच इथेही काढा.

मार्काचा शेवट आधी वाचा, १६:८ पर्यंतच. सर्वांत जुन्या ज्या पूर्ण हस्तलिखितांत हे शुभवर्तमान आहे, चौथ्या शतकातल्या सिनाई आणि व्हॅटिकन प्रतींत, ते या ओवीवर थांबतं: स्त्रिया थडग्यापासून पळाल्या, त्यांना कापरं भरलं होतं आणि त्या कोणाला काही बोलल्या नाहीत, कारण त्या भ्यायल्या होत्या. पुनरुत्थानाची बातमी प्रथम भीती बनून येते. दुसऱ्या रविवारी दर वर्षी, तिन्ही चक्रांत, थोमाची गोष्ट आहे. यादी करणाऱ्यांना माणसं कळत होती असं मला वाटतं: आदल्या रविवारची गर्दी ओसरल्यावर जे परत येतात त्यांच्यासमोर शंकेखोर शिष्य ठेवायचा.

अ वर्षी या काळात पेत्राचं पहिलं पत्र चालतं. त्यातली ‘जिवंत आशा’ (१:३) छळ सोसणाऱ्या, विखुरलेल्या लोकांना लिहिलेली आहे. पहिल्या वाचनात जुन्या कराराच्या जागी प्रेषितांची कृत्ये येतात. ते पुस्तक सलग वाचून काढा. तुरुंग, मारहाण, बुडणारं जहाज आणि आपसांतली भांडणंही त्यात आहेत.

पेंटेकॉस्टला कृत्ये २ सोबत रोम ८:२२-२७ वाचा. तिथे सृष्टी कण्हते, आपण कण्हतो, आणि आत्माही शब्दांत न मावणाऱ्या कण्हण्याने आपल्यासाठी विनंती करतो. शब्द सुचत नसतील तेव्हा प्रार्थना थांबलेली नसते, असा त्याचा अर्थ मी घेते.

हिरवा, लांब, सामान्य काळ

वर्षातले तेहतीस किंवा चौतीस आठवडे या काळाचे; उपासनेतला त्याचा रंग हिरवा. काही नाताळनंतर, बरेचसे पेंटेकॉस्टनंतर. वही बंद पडते ती इथेच. सण नसतात, शुभवर्तमान ओळीने पुढे सरकतं, एखाद्या आठवड्यात तर काहीच लागत नाही. अशा वेळी आठवड्याची चाल कमी करा पण मोडू नका: फक्त शुभवर्तमान आणि स्तोत्र, तीन प्रश्न, बस्स. ब वर्षी मार्क ४:२६-२९ येतं. माणूस बी टाकतो, रात्री झोपतो, सकाळी उठतो, आणि बी उगवून वाढतं. कसं, ते त्याला कळत नाही. त्याच्या झोपण्याचाही उल्लेख केला आहे, हे मला फार आवडतं.

या काळातच हबक्कूकाचं छोटं पुस्तक एका बैठकीत वाचून टाका. तीनच अध्याय. अंजिराला फूल नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरीही (३:१७-१८). पहिल्या अध्यायातली तक्रार वाचल्याशिवाय तिसऱ्यातल्या ‘तरीही’वर जाऊ नका.

आशा लागतच नसेल तर

स्तोत्र ८८ उघडा. विलापस्तोत्रं बहुतेक कुठेतरी वळण घेतात. हे घेत नाही. शेवटचा शब्द अंधार. तरी ते पहिल्या ओवीत देवाला हाक मारूनच सुरू होतं, आणि मंडळीने ते स्तोत्रसंहितेतून काढून टाकलं नाही. ज्या दिवशी दुसरं काही खोटं वाटेल त्या दिवशी तेवढंच वाचून वही मिटा.

आणि दिवसामागून दिवस झोप नाही, खाणं नाही, जगणं नकोसं वाटतं असं असेल तर ते वाचन कमी पडल्यामुळे होत नाही. डॉक्टरांकडे जा, जवळच्या एकाला तरी सांगा, पाळकांना सांगा. एलीया संदेष्टा मरण मागत झुडपाखाली पडला होता तेव्हा देवदूताने त्याला वचन ऐकवलं नाही. उठवून भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून पुन्हा खाऊ घातलं (१ राजे १९).

एकट्याने वर्षभर चालणं अवघड जातं. आठवड्यातून एकदा फोनवर का होईना, कोणाला तरी तिसऱ्या प्रश्नाचं तुमचं उत्तर वाचून दाखवा आणि त्याचं ऐका. सल्ला द्यायचा नाही, एवढी अट. अम्माऊसच्या वाटेवरही ते दोघे होते, आणि अनोळखी सोबत्याने आधी त्यांना सगळं बोलू दिलं; शास्त्र उलगडलं ते नंतर.

शेवटचा रविवार, पहिला रविवार

वर्ष ख्रिस्तराजाच्या रविवारी संपतं. हा सण पोप अकरावे पायस यांनी १९२५ मध्ये सुरू केला, पहिल्या महायुद्धानंतर जुनी सिंहासनं कोसळलेली असताना. क वर्षी त्या दिवशी राजाचं जे चित्र वाचतात ते लूक २३ मधलं आहे: वधस्तंभावरचा राजा, आणि शेजारचा गुन्हेगार म्हणतो, माझी आठवण ठेव. त्याच्याकडे आता सुधारायला वेळ नाही, हातपाय हलवायलाही जागा नाही. तेवढं एक वाक्य त्याला म्हणता येतं.

त्या आठवड्यात वही पहिल्यापासून वाचा. फक्त तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं. आगमनकाळात योहानाच्या प्रश्नाशेजारी जो स्वतःचा प्रश्न लिहिला होता, तो शोधा. कदाचित त्याचं उत्तर मिळालं असेल, कदाचित प्रश्नच जुना झाला असेल. तसाच उभा असेल तर नव्या वहीच्या पहिल्या पानावर तो पुन्हा उतरवा, खाली तारीख घाला, आणि सोमवारी पुढचं शुभवर्तमान उघडा.